क्वान्टेडा: राजकारणाचा मजकूर मोजायचं फुकट पॅकेज, वापरून झाल्यावरचं मत

ज्यांना लांबलचक वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. क्वान्टेडा हे आर या आकडेमोडीसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेतलं पॅकेज आहे, पूर्ण फुकट, ओपन सोर्स, आणि भाषणं, जाहीरनामे, संसदेतल्या चर्चा असला ढीगभर मजकूर कॉम्प्युटरकडून मोजून घ्यायचा असेल तर याच्याइतकं डोकं लावून बनवलेलं दुसरं काही मला तरी मिळालेलं नाही. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच. पण ज्यांना "भाषण टाकलं की नेता खरं बोलतोय की खोटं ते कळेल" असं काहीतरी हवंय त्यांनी इथेच थांबावं, हे तसलं काही करत नाही, आणि जे टूल तसं करतो म्हणतं त्याच्यापासून चार हात लांब राहिलेलंच बरं.

हे बनवलंय राज्यशास्त्राच्या लोकांनी आणि वापरताना ते पदोपदी जाणवतं. केनेथ बेनॉइट मूळ लेखक, पक्षांचे जाहीरनामे मोजण्यावर स्वतः बरीच वर्षं काम केलेला माणूस, बरोबर कोहेई वातानाबे आणि बाकीची मंडळी, युरोपियन रिसर्च कौन्सिलचा पैसा यात लागला, आणि पॅकेजवरचा पेपर 2018 साली आला. आता रिव्ह्यूत हा इतिहास कशाला, तर फरक यानेच पडतो. टेक्स्टची बाकीची बरीच टूलं सर्चवाल्यांच्या नाहीतर ग्राहकांचे अभिप्राय मोजणाऱ्यांच्या गरजेतून आलीत, मजकूर कोणाचा आहे याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं. राजकारणात तर तोच पहिला प्रश्न असतो ना, कोण बोललं, कुठल्या पक्षातून, कधी, सत्तेत असताना की बाहेर. इथे प्रत्येक भाषणाला अशी लेबलं चिकटवता येतात, त्यांना डॉकव्हार्स म्हणतात, आणि ती शेवटच्या आकड्यापर्यंत सोबत राहतात, त्यामुळे "हे पक्षाप्रमाणे वेगळं करून दाखव" किंवा "फक्त विरोधी बाकावरचं घे" हे एका ओळीत होतं. सोबतचं रीडटेक्स्ट नावाचं छोटं पॅकेज तर फाइलच्या नावातूनच ही लेबलं काढतं, म्हणजे फाइलचं नाव साल, पक्ष, वक्ता असं अंडरस्कोर टाकून नीट दिलंत की झालं, टाइप करत बसायला नको. ही एक सवय आधीपासून लावून घ्या, नंतर शेकडो फाइलींची नावं बदलत बसणं हा शुद्ध वैताग आहे.

कामाची पद्धत अशी. मजकूर आधी कॉर्पसमध्ये जातो म्हणजे लेबलांसकट सगळ्या मजकुराच्या साठ्यात, कॉर्पसचे टोकन्स होतात म्हणजे शब्द सुटे होतात, आणि टोकन्सचा डीएफएम होतो म्हणजे एक भलामोठा तक्ता, आडव्या ओळीत एकेक भाषण, उभ्या रकान्यात एकेक शब्द, आत आकडा. सरावाला अमेरिकन अध्यक्षांच्या शपथविधीच्या भाषणांचा सेट पॅकेजमध्येच येतो, 1789 च्या वॉशिंग्टनपासून पुढची सगळी. त्याचा तक्ता केला की सुमारे 92 टक्के खणांत शून्य असतं, कारण बहुतेक शब्द बहुतेक भाषणांत नसतातच, आणि क्वान्टेडा ही शून्यं मेमरीत साठवत नाही म्हणून साध्या लॅपटॉपवरही पळतं.

इथेच एक मजा बघा. वॉशिंग्टनचं 1793 चं दुसरं भाषण सगळ्यात छोटं आहे, 135 शब्दांचं, असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं. क्वान्टेडाला विचारलं तर ते 147 टोकन्स सांगतं. चूक कोणाचीच नाही, स्वल्पविराम, पूर्णविराम हेही टोकन म्हणून मोजले जातात, तुम्ही काढ म्हटल्याशिवाय ते निघत नाहीत. मला हे आवडतं. टूल स्वतःच्या मनाने फारशी साफसफाई करत नाही, काय ठेवायचं काय फेकायचं हे तुम्हाला लिहून द्यावं लागतं, आणि ते कोडमध्ये राहिल्यामुळे उद्या कोणी विचारलं की हा आकडा आला कुठून तर बोट दाखवायला जागा असते.

तक्ता झाला की शब्दांचा क्रम गेला, फक्त कुठला शब्द किती वेळा एवढंच उरतं. ऐकायला हे फार अडाणी वाटतं आणि आहेच तसं, पण एवढ्यावरसुद्धा काय काय निघतं त्याचं जुनं उदाहरण म्हणजे फेडरलिस्ट निबंध. अमेरिकेची राज्यघटना मंजूर व्हावी म्हणून 1787-88 मध्ये टोपणनावाने 85 निबंध छापले गेले, त्यातल्या 12 निबंधांवरून हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, म्हणजे त्या काळच्या दोन नेत्यांपैकी कोणाचे, असा वाद होता. मोस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी 1964 मध्ये तो सोडवला तो विचारांवरून नाही, तर अगदी फालतू वाटणाऱ्या शब्दांवरून. 'अपॉन' हा शब्द हॅमिल्टन उठसूट वापरायचा, मॅडिसन जवळजवळ नाहीच, अशा बऱ्याच बारीक शब्दांची आकडेमोड करून वादातले निबंध मॅडिसनचे असं त्यांनी दाखवलं. म्हणजे लेखक ज्या शब्दांकडे स्वतः लक्ष देत नाही तेच त्याची चुगली करतात.

आता माझा आवडता भाग. या अख्ख्या पॅकेजमध्ये एकच फंक्शन ठेवायला सांगितलं तर मी क्विक ठेवेन, म्हणजे कीवर्ड इन कॉन्टेक्स्ट. शब्द द्यायचा, तो जिथे जिथे आला तिथल्या आजूबाजूच्या चार-पाच शब्दांसकट सगळ्या जागा एकाखाली एक येतात. यात मॉडेल नाही, संख्याशास्त्र नाही, काही नाही. शपथविधीच्या भाषणांत 'टेरर' हा शब्द टाकून बघा. 1797 मध्ये ॲडम्स बोलतोय ते परकी सत्ता दहशत आणि कारस्थानं करून निवडणुकीवर कब्जा करतील याबद्दल. 1933 मध्ये रूझवेल्टकडे तो शब्द लोकांच्या मनातल्या निराधार भीतीसाठी येतो, मंदीने हातपाय गाळलेले असतात ती भीती. 1961 ला केनेडी म्हणतो तो दहशतीचा समतोल, म्हणजे अणुबॉम्ब. 1981 ला रेगनच्या तोंडी तोच शब्द येतो महागाईसाठी! आणि 1997 ला क्लिंटन, 2009 ला ओबामा, तिथे मात्र आज आपल्या डोक्यात जो अर्थ येतो तो, दहशतवाद. आता हाच शब्द नुसता मोजून "दहशतवादाचा उल्लेख सालागणिक" असा ग्राफ काढला असता तर मंदी, महागाई, अणुबॉम्ब सगळं एकाच रेषेत गेलं असतं आणि ग्राफ दिसला असता एकदम झकास. असे ग्राफ रोज शेअर होताना दिसतात, त्यातल्या किती जणांनी शब्दाच्या आजूबाजूला नजर टाकलेली असते देव जाणे.

म्हणून माझा सरळ हिशोब आहे, कुठलाही आकडा बाहेर दाखवायच्या आधी त्यामागचे शब्द क्विकमध्ये वाचायचे, आणि ज्या टूलमध्ये आकड्यावरून परत मूळ वाक्यापर्यंत जाता येत नाही ते टूल राजकारणासाठी निरुपयोगी. मध्यंतरी एक पैसे घेऊन चालणारी डॅशबोर्डवाली सर्व्हिसपण बघितली होती, नाव घेत नाही, भाषण टाकलं की आक्रमकता इतके टक्के, सकारात्मकता तितके टक्के असे रंगीत काटे दाखवायची. कुठल्या शब्दांमुळे हा आकडा आला असं विचारायची सोयच नव्हती, सपोर्टला विचारलं तर उत्तर आलं की आमचं मॉडेल प्रोप्रायटरी आहे, म्हणजे आत काय चालतं ते सांगणार नाही. मग त्या काट्याचं मी काय करू? क्वान्टेडाचं तोंड तसं रुक्ष आहे, काळ्या पडद्यावर ओळीच ओळी, पण विचारलं ते सांगतं.

क्विकच्या खालोखाल कीनेस. दोन गट द्यायचे आणि कुठले शब्द एका गटात प्रमाणाबाहेर जास्त येतात ते बघायचं. राजकारणात हे फार कामाचं कारण पक्ष एकाच गोष्टीला वेगवेगळी नावं ठेवतात. याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या वारसाकराचं, डेमोक्रॅट त्याला 'इस्टेट टॅक्स' म्हणतात, रिपब्लिकन 'डेथ टॅक्स', कर तोच. गेंट्झकोव आणि शपिरो यांनी 2005 च्या अमेरिकन काँग्रेसमधल्या, म्हणजे तिथल्या संसदेतल्या, भाषणांतून असे पक्षाची छाप असलेले शब्दसमूह गोळा केले आणि मग वर्तमानपत्रं कोणाची भाषा बोलतात ते मोजलं, 2010 मध्ये शोधनिबंध आला, आणि निघालं काय तर वर्तमानपत्राचा कल मालकापेक्षा वाचकांच्या कलाशी जास्त जुळतो. एकदम बारीक मोजणी आणि केवढा मोठा प्रश्न! फक्त लक्षात ठेवा, 'डेथ' आणि 'टॅक्स' वेगवेगळे मोजलेत तर यातलं काहीच दिसणार नाही, ते आधी जोडून एक टोकन करावं लागतं, त्यासाठी कंपाउंडचं फंक्शन आहे आणि कुठले शब्द सारखे जोडीने येतात ते शोधायला कोलोकेशनचं.

आता साफसफाईबद्दल, कारण वाट लागते ती इथेच. नेटवरच्या प्रत्येक ट्यूटोरियलमध्ये पहिल्या पाच ओळींत स्टॉपवर्ड्स काढायला सांगतात, म्हणजे आणि, पण, तो, ती, आम्ही असले शब्द. क्वान्टेडाच्या इंग्रजी यादीत असे 175 आहेत. यादी एकदा उघडून वाचा हो, त्यात 'वी' आहे, 'दे' आहे, 'नॉट' आहे, 'हर' आहे. लोकानुनयी नेत्यांचा अभ्यास करताना 'आपण' आणि 'ते' हेच फेकून दिलं तर उरलं काय? अमेरिकन सिनेटमधल्या गर्भपातावरच्या चर्चांवर मनरो, कोलारेसी आणि क्विन यांचं 2008 चं काम आहे, त्यात एका पक्षाकडे स्त्री, हक्क, निर्णय हे शब्द वर येतात, दुसऱ्याकडे बाळ, प्रोसीजर, आणि पहिल्या यादीत 'हर' हे साधं सर्वनामही असतं. स्टॉपवर्ड म्हणून उडवलं असतं तर चर्चेतला अर्धा झगडाच गायब. आणि वर 'नॉट' उडवलं की विरोध आणि पाठिंबा एकाच भावात.

डेनी आणि स्पिर्लिंग यांनी 2018 मध्ये हेच पद्धतशीर दाखवलं. विरामचिन्हं काढायची का, आकडे काढायचे का, इंग्रजी कॅपिटल अक्षरं स्मॉल करायची का, शब्द मुळावर आणायचे का, असे सात हो-नाहीचे निर्णय, म्हणजे 128 प्रकारे तोच मजकूर तयार करता येतो, आणि कुठला प्रकार निवडला त्याप्रमाणे पुढचा निष्कर्ष बदलू शकतो. यावर क्वान्टेडा काय करतं? काहीच नाही. अडवत नाही, टोकत नाही. अक्षरं स्मॉल करणं तेवढं डीएफएम करताना आपोआप होतं, बाकीचे निर्णय तुमच्याकडून लिहून घेतं आणि गप्प बसतं. माझा अर्धा मार्क इथे गेला. निदान "बाबा रे, तू नकार काढून टाकतोयस आणि पुढे भावना मोजायला निघालायस" एवढी वॉर्निंग द्यायला काय हरकत होती.

भावना मोजायची म्हणजे डिक्शनरी, म्हणजे सकारात्मक, नकारात्मक अशा गटांत लावलेल्या शब्दांची यादी. पॅकेजमध्ये लेक्सिकोडरची 2015 ची सेंटिमेंट डिक्शनरी येते, राजकीय बातम्यांच्या अभ्यासासाठी बनवलेली, 2,858 नकारात्मक आणि 1,709 सकारात्मक नोंदी. हिची चांगली गोष्ट अशी की नकार लावून येणाऱ्या रूपांच्या दोन वेगळ्या याद्या आहेत, म्हणजे 'चांगलं नाही' हे चांगल्यात जमा होत नाही, मात्र त्या दोन याद्या नंतर हिशोबात उलटवून तुम्हालाच घ्याव्या लागतात, आपोआप होत नाही. पण मूळ दुखणं यानेही जात नाही. विषय आणि सूर यांच्यात डिक्शनरीला फरक कळत नाही. आरोग्यावर बोलणारा मंत्री रोग, मृत्यू, साथ हे शब्द वापरणारच, तो आजार हटवल्याचं सांगत असला तरी स्कोअर खाली. लॉफ्रन आणि मॅक्डोनल्ड यांनी 2011 मध्ये कंपन्यांच्या अहवालांवर हार्वर्डची सर्वसाधारण डिक्शनरी तपासली तेव्हा नकारात्मक म्हणून मोजलेल्या शब्दांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश त्या क्षेत्रात नकारात्मक नव्हतेच, टॅक्स, कॉस्ट, लायबिलिटी असले रोजचे शब्द. तिथे कर हा नुसता हिशोबाचा शब्द, आणि संसदेत तोच शब्द भांडणाचा. म्हणून दुसऱ्याची डिक्शनरी आणून आपल्या मजकुरावर चढवणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून वाचणं. स्वतःची डिक्शनरी करायची सोय क्वान्टेडात झकास आहे, गट, उपगट, शब्दामागे तारांकन लावून सगळी रूपं पकडणं, सगळं आहे, आणि थोडे कष्ट घेऊन आपल्या विषयापुरती यादी केली तर ती बाहेरच्या मोठ्या यादीपेक्षा जास्त उपयोगी पडते असं माझं पक्कं मत आहे.

पक्ष डावीकडे की उजवीकडे हे मजकुरातून काढायचं असेल तर टेक्स्टमॉडेल्स नावाचं जोडपॅकेज लागतं, त्यात वर्डस्कोअर्स आणि वर्डफिश ही दोन मुख्य. वर्डस्कोअर्स 2003 चं, लेव्हर, बेनॉइट आणि गॅरी यांचं. कल्पना सोपी, काही जाहीरनामे द्यायचे ज्यांची जागा आपल्याला आधीच माहीत आहे, त्यातले शब्द गुण घेतात, मग त्या गुणांवरून नवीन जाहीरनाम्याची जागा काढायची. ब्रिटन आणि आयर्लंडच्या 1992 च्या जाहीरनाम्यांवरून 1997 चे असं त्यांनी करून दाखवलं. अडचण एकच, सगळ्या पक्षांचे बहुतेक शब्द सारखेच असल्यामुळे नवीन मजकुराचे गुण मधोमध गोळा होतात, मग ते ताणून परत पसरवावे लागतात, आणि ताणायचं कसं यावरही दोन-तीन मतं आहेत.

वर्डफिश जास्त धाडसी. स्लॅपिन आणि प्रोक्श यांनी 2008 मध्ये मांडलं, याला आधी काहीच सांगावं लागत नाही, नुसते मजकूर द्या आणि ते सगळ्यांना एका रेषेवर मांडून देतं. पहिल्यांदा बघताना जादू वाटते. पण ती रेषा कशाची हे ते सांगत नाही, आणि सांगू शकतच नाही, त्याला डावं उजवं माहीत नाही, शब्दांच्या वापरात सगळ्यात मोठा फरक जिथे आहे ती रेषा ते काढतं. पॅकेजसोबत आयर्लंडच्या 2010 च्या बजेटवरची संसदेतली 14 भाषणं येतात, त्यावर चालवून बघा. एका टोकाला अर्थमंत्री लेनिहान आणि पंतप्रधान कोवेन, दुसरीकडे विरोधक. हे डावं-उजवं नाहीच, हे सत्ताधारी विरुद्ध विरोधक आहे! कट्टर डाव्या आणि मध्यममार्गी विरोधकांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना असली तरी बजेटला शिव्या घालताना शब्द सारखेच निघतात. ज्याला त्या देशाचं राजकारण ठाऊक नाही तो हा ग्राफ बघून "हे बघा डावे, हे बघा उजवे" असं लिहून मोकळा होईल आणि वर्डफिश हूं की चूं करणार नाही. दिशासुद्धा आपणच दोन मजकूर देऊन ठरवायची असते, हा त्याच्या अलीकडे, बस. मला तरीही वर्डफिश वापरायला आवडतं, कारण कुठल्या शब्दाने रेषा ओढली ते शब्दांचं वजन काढून बघता येतं, आणि ती यादी बऱ्याचदा मुख्य ग्राफपेक्षा जास्त बोलकी असते.

पडताळणीला मॅनिफेस्टो प्रोजेक्टचा डेटा वापरा, 1945 पासूनच्या निवडणुका, पन्नासहून जास्त देश, हजाराहून जास्त पक्ष, आणि तिथे माणसांनी बसून जाहीरनाम्याचं एकेक वाक्य, कधी अर्धं वाक्य, वाचून कुठल्या विषयात बसतं ते ठरवलंय. त्यांचा डाव्या-उजव्याचा निर्देशांक 13 डाव्या आणि 13 उजव्या विषयांच्या टक्केवारीची वजाबाकी आहे, साधीच. माणसंही चुकतात, दोन वाचणारे एकाच वाक्याला दोन वेगळे विषय देतात, तो डेटा म्हणजे काही वेदवाक्य नव्हे. पण मशीनचा निकाल आणि माणसाचा निकाल शेजारी ठेवला आणि एखादाच पक्ष भलतीकडे गेलेला दिसला की तिथेच खरं वाचायला मिळतं.

टॉपिक मॉडेल्सवर, म्हणजे ढीगभर मजकुरातून विषय आपोआप शोधणाऱ्या मॉडेल्सवर, फार लिहीत नाही. क्वान्टेडा ती स्वतः करत नाही, डीएफएम एका ओळीत एसटीएम पॅकेजला देता येतो आणि तिथे वक्त्याचा पक्ष, तारीख धरून विषय काढता येतात. विषय किती हवेत ते तुम्ही ठरवणार, त्यांना नावं तुम्ही देणार, म्हणजे निम्मं काम तुमचंच. वर्डक्लाउडची पण सोय आहे. नसती तरी चाललं असतं.

आता तुम्ही विचारणारच, मराठीचं काय? तर देवनागरी मजकूर हे नीट सुटा करतं, आणि हे वाटतं तेवढं साधं नाही. पायथन या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेतल्या नेहमीच्या रेगेक्सला, म्हणजे मजकुरात ठरावीक पॅटर्न शोधायच्या सोयीला, काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरं वाटतच नाहीत, त्यामुळे "दोन किंवा जास्त अक्षरांचा शब्द" हा सर्रास चालणारा पॅटर्न लावला की 'सरकार'चं 'सरक' होतं आणि 'निवडणूक'चं 'वडण'. क्वान्टेडा आयसीयू नावाच्या युनिकोड लायब्ररीच्या नियमांवर शब्द तोडतं म्हणून ही भानगड होत नाही. स्टॉपवर्ड्सच्या पॅकेजात मराठीची यादीसुद्धा आहे, वर सांगितलं तसं वाचून मगच वापरा. पण शब्द मुळावर आणायचं मराठीपुरतं काही नाही, त्यासाठी जे स्नोबॉल नावाचं टूल वापरतात त्यात मराठी नाही. म्हणजे सरकारने, सरकारला, सरकारचं, सरकारविरुद्ध हे सगळे वेगळे रकाने. तारांकन लावून 'सरकार*' केलं की बहुतेक पकडले जातात, सोबत 'सरकारी' पण येतं, चालून जातं. 'निवडणूक*' केलं तर मात्र 'निवडणुकीत' सुटतं, कारण णू चा णु झाला, आणि तेच पकडायला 'निवडण*' केलं की निवडणारे, निवडणं सगळं जाळ्यात. म्हणून मराठीत डिक्शनरी करताना प्रत्येक शब्दाची सामान्यरूपं हाताने लिहा, दुसरा उपाय नाही, आणि नंतर परत क्विक. जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफ असतील तर आधी युनिकोड करून घ्या, नाहीतर कॉर्पसमध्ये नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसेल.

हल्ली लगेच लोक म्हणतात की हे सगळं कशाला, मोठ्या भाषा मॉडेलला भाषण द्या आणि विचारा. वाक्याला लेबल लावायच्या कामात ती मॉडेल्स चांगली आहेत, नाही म्हणत नाही, 2023 मधल्या एका अभ्यासात तर ट्वीट आणि बातम्यांना लेबलं लावताना चॅटजीपीटी पैसे देऊन लावलेल्या क्राउडवर्कर्सपेक्षा सरस ठरलं. उपरोध, टोमणे, अर्धवट सोडलेली वाक्यं यात डिक्शनरी त्याच्या जवळपासही जात नाही. पण मागचं मॉडेल कंपनीने बदललं की तुमचा निकाल बदलू शकतो आणि का बदलला ते कळायला मार्ग नाही. मी दोन्ही वापरते, लेबल लावायला ते, आणि मोजायला, शोधायला, लेबल कुठे घसरलंय ते पकडायला क्वान्टेडा.

वेगाची तक्रार नाही, आतलं जड काम सी प्लस प्लसमध्ये आहे आणि प्रोसेसरचे सगळे कोअर वापरतं. आर सगळं मेमरीत ठेवतं हे खरं, त्यामुळे लाखो भाषणं असतील तर तुकड्यांत काम करा, आवृत्ती 4 मध्ये मेमरी वाचवणारा टोकन्सचा नवीन प्रकारही आलाय. आर अजिबात येत नसेल तर सुरुवात कष्टाची जाईल हे कबूल करायला हवं, इथे बटणं नाहीत.

सगळ्यात जास्त डोकं खातं ते जुनं कोड. नेटवर पडलेली बरीच ट्यूटोरियल्स आवृत्ती 3 च्या आधीची आहेत, त्यात मजकूर सरळ डीएफएमला देऊन तिथेच स्टॉपवर्ड्स वगैरे काढतात. आता ते चालत नाही, आधी टोकन्स करावेच लागतात. शिवाय मॉडेल्स आवृत्ती 2 मध्येच मुख्य पॅकेजमधून बाहेर गेली होती, 2021 च्या आवृत्ती 3 पासून आकडेवारी आणि ग्राफही बाहेर काढलेत, म्हणजे टेक्स्टस्टॅट्स, टेक्स्टप्लॉट्स आणि टेक्स्टमॉडेल्स ही तीन वेगळी इन्स्टॉल करा, नाहीतर वर सांगितलेलं कीनेस किंवा वर्डफिश टाइप कराल आणि असं फंक्शनच नाही म्हणून लाल ओळ येईल.